शनिवारी प्लेऑफ आणि डोक्याला मार

नमस्कार ताई,

आम्ही कॅनडात ब्रॅम्प्टनला असतो. मुलगा १४ वर्षांचा, आइस हॉकीच्या यू-१५ डबल ए टीममध्ये फॉरवर्ड खेळतो. १२ दिवसांपूर्वी मॅचमध्ये पक (रबरी चकती) आणायला कोपऱ्यात गेला असताना समोरच्या मुलाने त्याला बाजूने बोर्डवर, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीवर आदळलं. उठला, बेंचवर बसला, पुढच्या शिफ्टला परत उतरलाही. मॅच संपल्यावर मात्र आपल्याच टीमचा दुसरा गोल कोणी केला हे त्याला आठवेना. येताना गाडीत एकदा उलटी झाली. दुसऱ्या दिवशी वॉक-इन क्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टर म्हणाले कन्कशन आहे (झटक्याने मेंदूला झालेली इजा), दोन दिवस आराम, मग हळूहळू सुरू करा. आता चार दिवस झाले, डोकं दुखत नाही म्हणतो. शाळेत जातो, घरी आल्यावर चार ते सात झोपतो, म्हणजे विश्रांतीही चांगली चालू आहे. येत्या शनिवारी प्लेऑफची पहिली मॅच आहे. कोच म्हणतो, त्याला बरं वाटत असेल तर खेळवू, फक्त डॉक्टरची चिठ्ठी आणा. मंडळातले एक डॉक्टर चांगल्या ओळखीचे आहेत, ते देतील. बायको म्हणते किट विकून टाका. मुलगा दोघांशीही बोलत नाही. शनिवारी खेळवावं का?

ता. क. मोठी मुलगी १६ वर्षांची, गोली (गोलकीपर) आहे. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या जांघेत लचक भरली. तिने कधी उतरावं?

— एक बाप (नाव छापू नका)

*

नमस्कार,

शनिवारी नाही.

हे आधी लिहिलं, कारण पुढचं सगळं तुम्ही वाचाल याची खात्री नाही. पत्र रविवारी रात्री आलं, उत्तर मी सोमवारी सकाळीच तुम्हाला ईमेलने पाठवलं. इथे छापतेय ते बाकीच्या हॉकीवाल्या आईबापांसाठी. मिसिसागात फिजिओ म्हणून २२ वर्षं झाली. फेब्रुवारी उजाडला, प्लेऑफची वेळापत्रकं लागली, की माझ्या टेबलासमोर कोणी ना कोणी हाच प्रश्न घेऊन बसलेलं असतं, आणि प्रश्नात कायम एक शनिवार असतो.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. ‘घरी आल्यावर चार ते सात झोपतो.’ मार लागायच्या आधी हा मुलगा चार वाजता काय करत होता, सांगा बरं? बेसमेंटच्या भिंतीवर बॉल बडवत असेल, नाहीतर फ्रिजचं दार उघडं ठेवून काय खाऊ म्हणून उभा असेल. चौदा वर्षांचं पोर भरदिवसा तीन तास आडवं होतं, रोज होतं, तेव्हा शाळेच्या सहा तासांतच त्याचा मेंदू दमलेला असतो. डोकेदुखी गेली हे खरं असेल, पण डोकेदुखी हे एकच लक्षण नाही. थकवा, उजेडाचा आणि गोंगाटाचा त्रास, चिडचिड, वाचलेलं न टिकणं, झोपेचं चक्र बिघडणं, हे सगळं त्याच यादीत येतं. तो दोघांशी बोलत नाही याला तुम्ही रुसवा म्हणताय. अर्धा रुसवा असेलही. बाकीचा अर्धा तपासून घ्यायला हवा.

झालंय काय, ते घरातल्या भाषेत सांगते. घट्ट लागलेल्या दह्याचं पातेलं हातात घ्या, जोरात पुढे न्या आणि एकदम थांबवा. पातेल्याला पोचा पडत नाही. दही मात्र आतून फुटतं, कडेला पाणी सुटतं. कवटी हे पातेलं. हेल्मेट म्हणजे पातेल्याला बाहेरून गुंडाळलेला टॉवेल. कवटी फुटू नये म्हणून तो उत्तम, पण आतल्या दह्याला बसणारा झटका तो थांबवू शकत नाही. म्हणून ‘हेल्मेट महागाचं घेतलं होतं हो’ हे ऐकलं की मी नुसती मान हलवते. प्रत्यक्षात पेशींच्या पातळीवर गडबड होते ती अशी: पोटॅशियम पेशीच्या बाहेर पडतं, कॅल्शियम आत घुसतं, आणि हे सगळं पुन्हा जागच्या जागी आणायला मेंदूला एरवीपेक्षा जास्त ऊर्जा लागते. नेमका त्याच दिवसांत त्याचा रक्तपुरवठा थोडा कमी पडतो. खर्च वाढलेला आणि आवक घटलेली. यातलं काही साध्या सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. स्कॅन रक्तस्राव बघतो, हाड बघतो. ‘स्कॅन नॉर्मल आला’ याचा अर्थ पातेलं शाबूत आहे, एवढाच.

आणि हो, रागावणार आहे म्हणून रागावते. गोल आठवेना आणि गाडीत उलटी झाली, त्या रात्रीच इमर्जन्सी गाठायची होती. उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, मान दुखणं, दोन-दोन दिसणं, हातापायाला मुंग्या किंवा अशक्तपणा, झटका येणं, गुंगी वाढत जाणं, विचित्र वागणं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही. आणि ज्याच्या डोक्याला मार लागल्याची शंका आहे त्याला पुढच्या शिफ्टला उतरवायचं नाही, मग तो कितीही ओरडू दे. त्या रात्री हे दोन्ही चुकलं. चुकलं ते चुकलं.

आता, घाई का नको? ऑटावाची रोवन स्ट्रिंगर १७ वर्षांची होती, शाळेच्या रग्बी टीमची कॅप्टन. मे २०१३ मध्ये काही दिवसांच्या अंतराने तिच्या डोक्याला मार लागत गेले. आपल्याला कन्कशन झालं असावं असं तिला वाटत होतं, मैत्रिणींना तिने तसे मेसेजही केले होते. मोठ्यांना बोलली नाही. पुढच्या मॅचमध्ये पुन्हा डोक्यावर पडली आणि उठलीच नाही. चार दिवसांनी गेली. पहिला मार भरून आलेला नसताना दुसरा बसला तर मेंदूला अचानक, आवरता न येणारी सूज येऊ शकते. हे फार क्वचित होतं. पण होतं तेव्हा बहुतेक वेळा कोवळ्या वयातच होतं. २०१५ मध्ये तिच्या मृत्यूची चौकशी झाली, त्यातून ४९ शिफारशी आल्या आणि २०१८ मध्ये आपल्या ऑन्टारिओ प्रांताने तिच्याच नावाने कायदा केला, रोवन्स लॉ. सीझनच्या सुरुवातीला रजिस्ट्रेशन करताना एका पानावर तुम्ही न वाचता टिक केली असणार. ते पान याच कायद्याचं. आज रात्री उघडून वाचा, फार मोठं नाही.

या कायद्यामुळे तुमच्या शनिवारचा एक भाग कोचच्या हातात राहिलेलाच नाही. ‘त्याला बरं वाटत असेल तर खेळवू’ असं म्हणायचा अधिकार त्याला नाही. कन्कशनची शंका आली की खेळाडू बाहेर, आणि डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनरने तपासून लेखी परवानगी दिल्याशिवाय पूर्ण, धक्काबुक्कीच्या सरावाला परत नाही. कोच माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याला फॉरवर्ड कमी पडतोय. म्हणूनच निर्णय त्याच्याकडे ठेवलेला नाही.

राहिले मंडळातले डॉक्टर. इथे मला आपल्या लोकांची जरा लाज वाटते. गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत झालेल्या ओळखीवर आपण इन्शुरन्सचे फॉर्म भरून घेतो, ब्लड रिपोर्ट व्हॉट्सॲपवर वाचून घेतो, आणि आता मेंदूची चिठ्ठी. ते इथे परवाना घेऊन प्रॅक्टिस करत असतील तर रीतसर अपॉइंटमेंट घ्या, मुलाला समोर बसवा, ‘चार ते सात’ची गोष्ट त्यांना सांगा आणि मग ते जे लिहितील ते घ्या. फोनवरून सही मागू नका. तुम्ही मागितलीत तर ते भिडेपोटी देतील आणि रात्री त्यांना झोप लागणार नाही.

मग उतरायचं कधी? तारीख मी देऊ शकत नाही, कुठलाही शहाणा डॉक्टर देणार नाही. जिना देते. २०२२ मध्ये ॲम्स्टरडॅमला जगभरातल्या तज्ज्ञांची परिषद झाली, तिथे ठरलेल्या सहा पायऱ्या आज जवळपास सगळीकडे वापरतात.

पहिले २४ ते ४८ तास तुलनेने आराम, मोबाइल आणि स्क्रीन कमी. पण अंधाऱ्या खोलीत कोंडायचं नाही. ती जुनी पद्धत होती. एका घरात मी बघितलंय, बेसमेंटच्या खिडक्यांना काळे कागद लावून पोराला तीन आठवडे ठेवलं होतं. बाहेर आला तो आणखी खचून. घरातलं रोजचं हिंडणं-फिरणं ही पहिली पायरी. दुसरी पायरी चालणं किंवा जागच्या जागी सायकल, आधी हलकी, मग मध्यम. तुमच्या मुलाच्या वयाला हलकं म्हणजे नाडी साधारण ११३ पर्यंत, मध्यम म्हणजे १४४ च्या आसपास. त्या वेळी डोकं किंचित जड झालं आणि तासाभरात उतरलं तर चालतं. जास्त झालं तर त्या दिवशी थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसरी पायरी एकट्याने बर्फावर. चौथी टीमबरोबर, पण विना-धक्का सराव. चौथीवर पाय ठेवायच्या आधी सगळी लक्षणं गेलेली हवीत, दमल्यावरसुद्धा परत यायला नकोत. पाचवी डॉक्टरच्या परवानगीनंतर पूर्ण सराव, चेकिंगसकट, म्हणजे अंगाने धडक देण्यासकट. सहावी मॅच. प्रत्येक पायरीवर किमान २४ तास.

आता तुम्ही बोटं मोजाल. मंगळवारी दुसरी, बुधवारी तिसरी, गुरुवारी चौथी, शुक्रवारी पाचवी, शनिवारी मॅच. बसतंय की! माझ्याकडे येणाऱ्या बापांपैकी निम्मे आयटीतले, हे गणित ते माझ्या डोळ्यांसमोर करतात. त्या ‘किमान’ शब्दाकडे बघा. मुलांना यातून पूर्ण बाहेर पडायला चार आठवड्यांपर्यंत लागणं अगदी नेहमीचं आहे. आणि तुमचं पोर तर अजून शाळाच पेलत नाहीये. आधी शाळा, मग खेळ. सगळे तास बसतोय, टेस्ट देतोय, घरी येऊन झोपत नाहीये, असे काही दिवस गेल्याशिवाय टीमबरोबरचा सराव नाही. शाळेला कळवलंय का, याबद्दल पत्रात अक्षर नाही. कळवा. ऑन्टारिओच्या शाळांकडे कन्कशननंतर हळूहळू परत आणायची योजना असते, गृहपाठ कमी करतात, मध्ये विश्रांती देतात, पण त्यांना कळलं तर.

तिसऱ्या पायरीवर जरा थांबते, कारण फसगत तिथेच होते. एकटा बर्फावर गेला की हा मुलगा तुम्हाला ठणठणीत दिसणार. पाचव्या वर्षापासून स्केटिंग करणाऱ्या पोराचं शरीर ते आपोआप करतं. तुम्ही काचेमागे उभे राहून म्हणाल, बघा, पहिल्यासारखाच पळतोय! पळणं बघू नका. त्याला सांगा, वर्तुळावर क्रॉसओव्हर (पायावरून पाय टाकत वळणं) मारता मारता मागे खांद्यावरून बघ, मी किती बोटं दाखवतोय ते ओरडून सांग. मग दुसऱ्या दिशेने तेच. मान वळली, नजर लांबून जवळ आली, वेग तोच, आणि त्याच वेळी विचारही करावा लागला, की खरी परीक्षा होते. एखादा मुलगा आकडा बरोबर सांगतो पण वळताना स्केटच्या पात्याची कड सुटते. एखादा बोर्डला हात लावून उभा राहतो, जसं काही बूट बांधायचाय. बूट आधीच बांधलेला असतो. आणि खरं उत्तर रिंकवर मिळत नाही, गाडीत मिळतं. हीटर लावल्यावर खिडकीला डोकं टेकवून डोळे मिटले, रेडिओ बंद कर म्हणाला, तर एक पायरी खाली.

त्याला ‘कसं वाटतंय?’ विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे, ‘फाइन’. चौदा वर्षांचा मुलगा प्लेऑफच्या आठवड्यात खोटं बोलणार, मीही बोलले असते. नेमकं विचारा: आज मॅथ्सच्या तासाला शेवटी काय शिकवलं? कॅफेटेरियात बसलास की लायब्ररीत? जेवणाच्या सुट्टीत लायब्ररी गाठणारा हॉकीपटू दिसला की माझे कान टवकारतात. आणि दुखत असलं तरी डोकेदुखीची गोळी घेऊन सराव करायचा नाही. गोळी दुखणं झाकते आणि मग जिन्याला अर्थ उरत नाही.

आणखी आठ-दहा दिवसांत चक्कर, मानदुखी, डोकेदुखी यातलं काही उरलं असेल तर नुसतं थांबण्यात हशील नाही. मानेचे आणि तोल सांभाळण्याचे खास व्यायाम असतात, त्यांचा उपयोग होतो. चार आठवडे उलटूनही लक्षणं असली तर अनेक तज्ज्ञ एकत्र असलेलं कन्कशन क्लिनिक गाठा. बऱ्याच फिजिओ क्लिनिकचा खर्च ओहिपमध्ये (ऑन्टारिओचा सरकारी आरोग्य विमा) बसत नाही; १९ वर्षांपर्यंतच्या मुलांना ठरावीक क्लिनिकमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीवर तो मिळतो. तुमच्या नोकरीच्या इन्शुरन्समध्ये किती सेशन आहेत तेही बघून ठेवा. हे सांगताना मला माझ्याच दुकानाची जाहिरात केल्यासारखं वाटतं, पण सांगायला हवं.

तुमच्या मुलाला पिट्सबर्गकडून खेळणाऱ्या सिडनी क्रॉसबीची गोष्ट सांगा. २०१० चा व्हँकुव्हर ऑलिंपिकमधला सोन्याचा गोल त्याने यूट्यूबवर पाहिला असेल. त्याच्या पुढचं वर्ष पाहिलं नसेल. १ जानेवारी २०११ ला क्रॉसबीच्या डोक्याला धक्का बसला. तो पुढची मॅच खेळला, ५ जानेवारीला, आणि तिथे बोर्डवर पुन्हा आपटला. तेव्हा तो ४१ मॅचमध्ये ६६ पॉइंट्स घेऊन एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये सगळ्यांच्या पुढे होता. तो सीझन संपला. पुन्हा उतरला तो २१ नोव्हेंबरला, दोन गोल, दोन असिस्ट, पिट्सबर्गमध्ये लोक वेडे झाले. आठ मॅच झाल्या आणि लक्षणं परत आली. परत बसला, थेट मार्च २०१२ पर्यंत. जगातले उत्तम डॉक्टर हाताशी, पैशाची ददात नाही, आणि तरी तारीख कोणाला देता आली नाही. पुढे २०१६ आणि २०१७, लागोपाठ दोन वर्षं त्याने त्या लीगचा स्टॅनली कप उचलला. ही शेवटची ओळ मुलाला आधी सांगा. बाकीचं मग ऐकेल.

कारण रिंकवर त्याला दुसऱ्याच गोष्टी ऐकायला मिळतात. टोरोंटोत तर तिथल्या मेपल लीफ्स टीमच्या बॉबी बॉनची मिळतेच. १९६४ च्या स्टॅनली कप फायनलची सहावी मॅच, डेट्रॉइटमध्ये. बॉनच्या पायावर शॉट बसला, स्ट्रेचरवरून बाहेर नेला. पाय सुन्न करून, पट्टी गुंडाळून तो ओव्हरटाइमला परत आला आणि त्यानेच जिंकून देणारा गोल मारला. पायाचं हाड मोडलेलं होतं, हे एक्स-रे काढल्यावर नक्की झालं, तेही सातवी मॅच खेळून कप जिंकल्यानंतर.  गोष्ट खरी आहे, आणि ऐकताना माझ्याही अंगावर काटा येतो. पण ते पायाचं हाड होतं. पायाचं हाड प्लास्टरमध्ये ठेवून जुळतं.

खरं तर पायाचं हाड काय, घोटाही इतका सहज घेऊ नये, हे मी स्वतःच्या घरात शिकले. माझा मुलगा १६ वर्षांचा असताना घोट्याच्या वरच्या बाजूचा, दोन हाडांना बांधणारा अस्थिबंध दुखावला. स्केटचा बूट इतका ताठ असतो की तो घोट्याला आधाराच्या पट्टीसारखा धरून ठेवतो. तिसऱ्या आठवड्यात तो सरळ रेषेत सुसाट पळत होता. टूर्नामेंट होती, हॉटेलचे पैसे भरले होते, आणि त्याची आई फिजिओ. मी हो म्हणाले. दुसऱ्या पिरियडला वळताना पाऊल बाहेर फिरलं आणि उरलेला सीझन गेला. अनवाणी एका पायावर उड्या मारायला लावल्या असत्या तर स्वयंपाकघरातच कळलं असतं. नाही लावल्या. परतताना ४०१ हायवेवर आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

वहिनींच्या बाजूने आता. किट विकू नका, पण त्यांचं म्हणणं उडवूनही लावू नका. त्यांनी गाडीत उलटी पुसली असेल, हा माझा अंदाज. खेळ सोडायचा की नाही हे मुलाचं डोकं पूर्ण बरं झाल्यावर, त्याला समोर बसवून ठरवायचं. एका कन्कशनने कोणाची हॉकी संपत नाही. पण पुढच्या वेळी साध्या धक्क्यानेही झालं, भरून यायला जास्त दिवस लागले, तर त्यांचं ऐकायची वेळ आली असं समजा. एनएचएलच्या ब्रेट लिंड्रोसने १९९६ मध्ये, २० व्या वर्षी, याच कारणाने खेळ सोडला होता. मधला रस्ताही आहे: हाउस लीगमध्ये (स्थानिक, हौशी लीग) चेकिंग नसतं. चेकिंगचा फरक केवढा, हे कॅनडात मोजलेलं आहे. ११-१२ वर्षांच्या मुलांना अल्बर्टात चेकिंगची मुभा होती, क्वेबेकमध्ये नव्हती. २०१० मध्ये तुलना छापून आली तेव्हा अल्बर्टाच्या मुलांना कन्कशनचा धोका तिपटीहून जास्त निघाला. २०१३ मध्ये हॉकी कॅनडाने त्या वयात चेकिंग देशभर बंद केलं. तुमचा मुलगा त्या वयाच्या पुढे गेलाय, गेल्या सीझनपासूनच त्याच्या नशिबी हे धक्के आलेत. म्हणून पाचव्या पायरीला कोचकडून एक गोष्ट मागून घ्या: कोपऱ्यातला पक उचलायला तिरकं जायचं, मान वर ठेवून, आणि बोर्डला चिकटून राहायचं किंवा पुरतं लांब. बोर्डपासून तीन-चार फुटांवर पाठ करून उभं राहणाऱ्याचं डोकं पहिलं आपटतं.

भारतातल्या आजी-आजोबांना समजावताना एवढंच सांगा की ही खडकीच्या धनराज पिल्लेंची हॉकी नाही. इथे समोरच्याला आदळणं नियमात बसतं.

मोठ्या मुलीचं सोपं आहे. जांघेचा स्नायू खोटं बोलत नाही, दुखलं की लगेच सांगतो. त्यामुळे तिच्यासाठी मी घरी करायच्या दोन गोष्टी सांगते. उताणं झोपून गुडघे वाकवून, मध्ये बास्केटबॉल धरून जोर लावून दाबायचा. जराही दुखलं तर बर्फावर जायचं नाही. ते निभलं की फिजिओकडून दोन्ही बाजूंची ताकद मोजून घ्या. पाय आत ओढणारे स्नायू, पाय बाहेर नेणाऱ्यांच्या निदान ८० टक्के ताकदीचे हवेत. एनएचएलच्या खेळाडूंवर झालेल्या आणि २००१ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात, ८० च्या खाली असलेल्यांना जांघेची दुखापत होण्याची शक्यता १७ पट निघाली होती. ती गोली आहे, तेव्हा बटरफ्लाय (गुडघे टेकून पाय दोन्हीकडे पसरणं) सगळ्यात शेवटी. आधी सरळ स्केटिंग, मग आडवं सरकणं, मग गुडघ्यावर खाली जाणं, एकेक, शॉटशिवाय. मग शॉट. दुसऱ्या दिवशी सकाळी पायऱ्या उतरताना ती कठडा धरते का बघा. तीन आठवडे झालेत, लचक किरकोळ असेल तर ती जवळ आलेली असेल. मॅचपेक्षा वॉर्मअपला पॅड घालून धावतपळत येणं तिला जास्त नडेल. अर्धा तास आधी पोचवा तिला, ट्रॅफिकचं कारण चालणार नाही.

आता शनिवार. मुलाला घरी ठेवू नका. टीमचं जॅकेट घालून जाऊ दे, मॅचआधी ड्रेसिंग रूममध्ये बसू दे. कोचला सांगा, याला बेंचवर काम दे, दार उघडायचं, बाटल्या भरायच्या, फेसऑफ मोजायचे. रिंकचे दिवे आणि बझर सोसले नाहीत तर तो पहिल्या पिरियडनंतर उठेल. उठला तर एक अक्षर न बोलता गाडी काढा. टीम हरली तर घरी जाईपर्यंत तुमच्याकडे बघणार नाही, तेही चालेल.

मला पुन्हा लिहालच. मॅच कोणी जिंकली ते नाही कळवलंत तरी हरकत नाही. चार वाजता घरी आल्यावर तो काय करतो, तेवढं कळवा.

— ताई